गुणगुणणारा स्टीअरिंग पंप आणि तो नीट ओळखणारे गॅरेज

पुण्यात सातारा रस्त्यावर, धनकवडीच्या बाजूला असलेल्या या छोट्या गॅरेजमध्ये माझ्या २००६ सालच्या होंडा अकॉर्डच्या पॉवर स्टीअरिंगचे काम नुकतेच पूर्ण झाले. गाडीचे इंजिन २.४ लिटर पेट्रोलचे आहे, स्टीअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहे आणि तक्रार आवाजाची होती. काम उत्तम झाले एवढेच सांगायचे असते तर दोन ओळी पुरल्या असत्या. परंतु स्टीअरिंगचा पंप आवाज करू लागला की बहुतेक ठिकाणी थेट पंप बदलण्याचा सल्ला मिळतो आणि तो सल्ला पुष्कळदा चुकीचा, निदान अपुरा तरी असतो. या गॅरेजने निदानाला जो वेळ दिला आणि ज्या क्रमाने तपासणी केली, ती जुनी गाडी सांभाळणाऱ्या कोणालाही माहीत असावी असे मनापासून वाटते, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

आधी तक्रारीचे स्वरूप सांगतो. सकाळी इंजिन सुरू करताच बॉनेटखालून एक बारीक, सलग सूर येत असे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो चढे आणि सोडला की उतरे. हिवाळ्यात पुण्याचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत खाली आला की आवाज जास्त ऐकू येई आणि गाडी तापल्यावर थोडा कमी होई. पार्किंगमधून गाडी काढताना स्टीअरिंग पूर्ण फिरवले तर त्याच सुराचे कण्हण्यात रूपांतर होई. स्टीअरिंग जड झालेले नव्हते, गाडी उभी असते तिथे तेलाचा डाग नव्हता आणि टाकीतील तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्येच होती. याआधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली असता, बॉनेट उघडून मिनिटभर आवाज ऐकल्यावर पंप आणि रॅक (स्टीअरिंगचे वळण चाकांपर्यंत पोहोचवणारा दातेरी दांड्याचा भाग) दोन्ही बदलण्याचे अंदाजपत्रक हाती देण्यात आले होते. रॅक का बदलायचा, या प्रश्नाला तिथे समाधानकारक उत्तर मिळाले नव्हते.

या गॅरेजचे मिस्त्री वयाने साठीच्या आसपासचे आहेत आणि सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडी संध्याकाळी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः सुरू केली. तापलेल्या गाडीचा आवाज ऐकून पंपाबद्दल मत देणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्याला ठोस कारण आहे. थंड तेल घट्ट असते, पंपाला ते टाकीतून ओढून घ्यायला अधिक जोर लागतो, त्यामुळे तेल येण्याच्या वाटेत कुठेही अडथळा किंवा फट असेल तर ती याच वेळी बोलते.

पुढचे समजण्यासाठी हा पंप कसा चालतो हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या बहुतेक मोटारींत पात्यांचा पंप असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या दांड्याला एक रोटर असतो, त्याच्या खाचांमध्ये पातळ पाती सरकती बसवलेली असतात आणि हा रोटर एका लंबगोल कड्याच्या आत फिरतो. फिरताना पाती बाहेर फेकली जाऊन कड्याला चिकटतात. कडे लंबगोल असल्यामुळे दोन पात्यांमधील जागा आळीपाळीने मोठी आणि लहान होते. जागा मोठी होताना तेल आत ओढले जाते आणि लहान होताना दाबाने बाहेर ढकलले जाते. हे दाबाखालचे तेल जाड नळीतून रॅकवरील झडपेकडे जाते, चालकाने स्टीअरिंग ज्या बाजूला वळवले त्या बाजूला जोर देते आणि परतीच्या नळीने टाकीत येते. स्टीअरिंग अगदी टोकापर्यंत वळवून धरले की तेलाला जायला जागा उरत नाही आणि पंपातील दाब सोडणारी झडप उघडते. त्या वेळी येणारी फुसफुस हा दोष नव्हे. मात्र त्या स्थितीत स्टीअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, कारण तेल तिथल्या तिथे फिरून झपाट्याने तापते.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत तेल दाबाने येत नाही, ते ओढले जाते. म्हणजे तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. पंपाच्या पुढच्या बाजूला कुठे सील गेले तर तेल बाहेर येते आणि डाग पडतो, परंतु मागच्या बाजूला, म्हणजे ओढणीच्या नळीवर, सील कडक झाले तर इंजिन चालू असताना तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. शहाळ्यातल्या नळीला चीर पडली तर पाण्याबरोबर हवा तोंडात येते आणि बाहेर थेंबही सांडत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे गाडीखाली डाग नाही म्हणून गळती नाही, हा निष्कर्ष स्टीअरिंगच्या बाबतीत लागू पडत नाही.

काकांनी तपासणीची सुरुवात मात्र पंपापासून केली नाही. या इंजिनात एकच लांब पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप आणि स्टीअरिंगचा पंप फिरवतो आणि त्याला ताण देणारा टेन्शनर व आधाराची पुली यांनाही स्वतःची बेअरिंगे असतात. यांपैकी कोणाचाही आवाज धातूतून सगळीकडे पसरतो आणि कानाला पंपाचाच वाटतो. त्यांनी प्रथम इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर पाण्याची बारीक फवारणी केली. पट्टा घसरून किंचाळत असेल तर पाणी पडताच आवाज क्षणभर बदलतो. येथे काहीच फरक पडला नाही. त्यानंतर मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपचे टोक अल्टरनेटर, टेन्शनर, आधाराची पुली आणि शेवटी स्टीअरिंग पंप यांच्या कवचावर टेकवून ऐकले आणि मलाही ऐकवले. ग्राहकाला ऐकवण्याची ही पद्धत मला फार आवडली, कारण त्यानंतर कोणाच्या शब्दावर विसंबून राहण्याची गरज उरली नाही. अल्टरनेटरमध्ये हलकी घरघर होती, ती त्या वयाच्या भागात असतेच. पंपावर टोक टेकवताच मात्र तो सूर डोक्यात घुमला आणि शेजारी एका मुलाने स्टीअरिंग थोडे वळवताच बदलला.

तरीही खात्रीसाठी पट्टा उतरवून इंजिन काही क्षण चालवण्यात आले. ही चाचणी सर्वांनी डोळे झाकून करू नये. या इंजिनात टायमिंगची, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारी साखळी वेगळी, आत असल्यामुळे बाहेरचा पट्टा काढला तरी इंजिनाला धोका नसतो, पण पाण्याचा पंप थांबलेला असतो आणि बॅटरी चार्ज होत नसते, म्हणून इंजिन अगदी थोडा वेळच चालवायचे असते. आवाज पूर्ण थांबला. मग पट्टा नसताना प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहिली. टेन्शनर आणि आधाराची पुली गुळगुळीत फिरत होत्या, स्टीअरिंग पंपाच्या पुलीला किंचित खरखर जाणवत होती. आवाज पंपातून येतो, हे येथे निश्चित झाले. अनेक ठिकाणी तपासणी येथेच संपते आणि पंपाची मागणी नोंदवली जाते. या गॅरेजचे वेगळेपण येथून पुढे सुरू होते, कारण आवाज पंपातून येतो हे कळले तरी पंप आवाज का करतो, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्याचे उत्तर टाकीत होते. इंजिन चालू असताना झाकण काढून विजेरीच्या प्रकाशात पाहिले तर तेलावर बारीक बुडबुड्यांचा थर होता आणि तेल काहीसे दुधाळ दिसत होते. इंजिन बंद केल्यावर फेस हळूहळू निवला आणि पातळी थोडी खाली गेली. तेलात हवा मिसळत आहे, याची ही निर्विवाद खूण आहे. दुसरी गोष्ट अशी की तेलाचा रंग तांबूस होता. होंडाचे स्टीअरिंगचे तेल पिवळसर असते, म्हणजे आधी कोणीतरी त्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल, ज्याला सर्वत्र एटीएफ म्हणतात, ते भर म्हणून घातले होते.

या तेलाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण महाराष्ट्रात ही गफलत सर्रास होते. टोयोटाच्या क्वालिस आणि इनोव्हा या गाड्या आपल्याकडे टॅक्सी म्हणून लाखोंनी चालल्या, त्यामुळे गॅरेजमधल्या माणसांचा हात त्यांच्यावरच बसला आहे. इनोव्हाच्या पुस्तिकेत स्टीअरिंगसाठी डेक्स्रॉन प्रकारचे एटीएफच सांगितलेले आहे आणि तिथे ते पूर्णपणे योग्य आहे. होंडाची पुस्तिका मात्र स्वतःचे पीएसएफ, म्हणजे पॉवर स्टीअरिंगचे तेलच वापरा, दुसरे कोणते तेल किंवा एटीएफ घातल्यास झीज वाढू शकते आणि थंडीत स्टीअरिंग नीट चालत नाही, असे स्पष्ट बजावते. अडचणीच्या वेळी दुसरे घालावे लागले तर शक्य तितक्या लवकर सगळे तेल बदलून घ्यावे, असाही सल्ला कंपनीने दिलेला आहे. स्टीअरिंगचे तेल म्हणून एकच डबा सगळ्या गाड्यांना चालतो, ही समजूत आपल्या गॅरेजांतून जितक्या लवकर जाईल तितके बरे. काकांच्या फळीवर दोन्ही प्रकारचे डबे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले आहेत आणि प्रत्येकासाठी नरसाळेही वेगळे आहे, हे मी मुद्दाम पाहिले.

हवा कुठून येते, याचा शोध ओढणीच्या वाटेवरच घ्यायचा होता. टाकीच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गाळाने भरली तर पंपाला तेल पुरत नाही आणि तसाच सूर निघतो. टाकी काढून धुऊन पाहिली, जाळी बऱ्यापैकी मोकळी होती. नळी मऊ होती, तिच्यावरचे क्लॅम्प घट्ट होते. शेवटी ओढणीची नळी पंपाला जिथे मिळते तो सांधा उघडला. तिथे एक छोटी रबरी ओ-रिंग, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारे गोल कडे असते. ती बाहेर काढली तेव्हा गोल राहिलेली नव्हती, एका बाजूने चपटी झालेली होती आणि वाकवताच तिला बारीक चिरा पडल्या. त्या काळातल्या होंडा गाड्यांमध्ये हा दोष जगभर परिचित आहे. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षे राहून हे रबर कडक होते आणि त्याच्याभोवती केसाएवढी फट तयार होते, इतकी बारीक की त्यातून तेल ठिबकत नाही पण पंपाच्या ओढीने हवा मात्र सहज शिरते.

काकांनी त्या दिवशी पंपाला हात लावला नाही. ओढणीच्या आणि दाबाच्या अशा दोन्ही सांध्यांच्या ओ-रिंग बदलल्या, बसवण्यापूर्वी त्यांना स्टीअरिंगचेच तेल लावले आणि जुने मिश्र तेल पूर्ण काढून टाकले. तेल बदलण्याची त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. परतीची नळी टाकीपासून सोडवून बाटलीत धरायची, टाकीचे ते तोंड बंद करायचे आणि इंजिन काही क्षणांसाठीच सुरू करायचे, त्याच वेळी दुसऱ्या माणसाने टाकीत नवे तेल ओतत राहायचे. टाकी रिकामी होण्याआधी इंजिन बंद करून पुन्हा भरायची. पंप एक क्षणही कोरडा फिरता कामा नये, हा त्यामागचा आग्रह आहे, कारण पात्यांना वंगण देणारे तेलही तेच असते. बाहेर येणारे तेल नव्या तेलासारखे स्वच्छ पिवळे दिसेपर्यंत हे चालले. टाकीतले तेल पिचकारीने ओढून वरून नवे भरणे सोपे असते आणि बरेच जण तेवढेच करतात, पण त्याने नळ्यांतले आणि रॅकमधले जुने तेल तसेच राहते.

या टप्प्यावर माझा खर्च दोन ओ-रिंग, तेल आणि मजुरी एवढाच होता. फेस पूर्ण नाहीसा झाला आणि थंडीतला तो चढा सूरही जवळजवळ गेला. अनेक गाड्यांमध्ये काम येथेच संपते. म्हणून ज्यांच्या होंडात असा आवाज नुकताच सुरू झाला असेल त्यांनी आधी हीच दुरुस्ती करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या गाडीत मात्र हवा शोषण्याचा प्रकार फार काळ चाललेला असावा. काकांनी गाडी परत देताना सांगितले होते की अडकलेली बारीक हवा निघून जायला थोडे दिवस जातील, त्यानंतरही इंजिन गरम असताना आणि गाडी जागेवर वळवताना कण्हण्याचा आवाज राहिला तर पंपाच्या आतली झीज झालेली आहे असे समजून परत या. तसेच झाले. कात्रजचा घाट उतरून गाडी सोसायटीच्या अरुंद फाटकातून आत घेताना तो जाडसर आवाज येतच राहिला.

दुसऱ्या फेरीत दाब तपासण्यात आला. पंप आणि दाबाची नळी यांच्यामध्ये गेज व झडप बसवून, तेल गरम झाल्यावर, ती झडप काही सेकंदांसाठी बंद करून पंप किती दाब देतो ते पाहतात. येथेही पाच सेकंदांची मर्यादा काटेकोरपणे पाळावी लागते. अशा आकाराच्या मोटारींत हा आकडा साधारणपणे सत्तर-ऐंशी बारच्या घरात असावा लागतो. माझा पंप त्याच्या बराच खाली होता आणि काटा स्थिर राहत नव्हता. या चाचणीचा दुसरा लाभ असा की रॅक निर्दोष असल्याचे कळले. झडप उघडी ठेवून स्टीअरिंग टोकापर्यंत वळवले असता गेजवर तेवढाच दाब दिसला जेवढा झडप बंद असताना होता, याचा अर्थ रॅकच्या आत तेल वाया जात नव्हते, जे काही कमी होते ते पंपातच होते. आधीच्या वर्कशॉपच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठा आकडा रॅकचा होता. तो खर्च या एका गेजने वाचवला.

जुना पंप नंतर माझ्यासमोर उघडण्यात आला. लंबगोल कड्याच्या आतल्या पृष्ठभागावर, तेल ओढले जाते त्या जागेजवळ, लाटांसारखे आडवे पट्टे पडलेले होते आणि पात्यांच्या कडा खडबडीत झालेल्या होत्या. तेलातले बुडबुडे दाबाच्या बाजूला जाताच फुटतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूवर सूक्ष्म आघात करतो. त्या आघातांनीच हा सूर निर्माण होतो आणि त्यांनीच पृष्ठभाग खरवडला जातो. ओ-रिंग वेळेवर बदलली गेली असती तर हा पंप आणखी पुष्कळ चालला असता. उलट ओ-रिंग न बदलता नवा पंप बसवला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता, आणि तेव्हा दोष पंपाच्या दर्जाला दिला गेला असता.

पंप कोणता घ्यावा, यावर आमची बरीच चर्चा झाली. अकॉर्डचा मूळ नवा पंप पाच आकडी किमतीचा असतो आणि इतक्या जुन्या मॉडेलसाठी मागवून वाट पाहावी लागते. दुसरा पर्याय जुन्या बाजारातल्या पंपाचा. मुंबईत कुर्ल्याला असे भाग मिळतात आणि पुण्यातही शोधले तर सापडतात, पण तो पंप कोणत्या गाडीतून, किती किलोमीटर चालून आणि कोणते तेल पिऊन आला हे कळायला मार्ग नसतो. शिवाय तो बराच काळ उघड्यावर कोरडा पडलेला असेल तर दांड्याचे सील बसवल्यावर लवकरच गळू लागते. तिसरा पर्याय दुरुस्त केलेल्या पंपाचा, ज्यात कवच जुने असते पण सील, बेअरिंग आणि कड्यासह रोटरचा संच बदललेला असतो. केवळ सीलचा संच घालून पंप दुरुस्त झाला असे म्हणणारेही बाजारात आहेत. आतले कडे झिजलेले असेल तर सील बदलून आवाज जात नाही, हे ग्राहकाने विसरू नये. काकांनी स्पष्ट सांगितले की जुन्या बाजारातला पंप आणलात तर बसवून देईन, पण त्याची जबाबदारी घेणार नाही. मी नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानदारामार्फत नवा पंप मागवला. गाडी अजून काही वर्षे ठेवायची असल्याने हा निर्णय मला योग्य वाटतो. वर्ष-दोन वर्षांत गाडी काढून टाकणाऱ्याने चांगल्या ठिकाणचा दुरुस्त पंप घेतला तरी चालेल.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम या इंजिनात अवघड नाही, कारण पंप वरच्या बाजूला, हात सहज पोहोचेल अशा जागी असतो. तरीही काळजी कुठे घ्यायची हे पाहण्यासारखे होते. सांधे उघडण्यापूर्वी टाकीतले तेल ओढून काढले आणि अल्टरनेटर व पट्टा यांवर जाड फडके टाकले. स्टीअरिंगचे तेल अल्टरनेटरमध्ये गेले तर तो खराब होतो आणि पट्ट्यावर पडले तर पट्टा फुगून घसरू लागतो. लांब दांड्याच्या पान्याने टेन्शनर खेचून पट्टा उतरवला, ओढणीचा आणि दाबाचा सांधा सोडला आणि पंपाचे बोल्ट काढले. नव्या पंपासोबत दोन्ही ओ-रिंग पुन्हा नव्या घातल्या. सांध्याचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात बसतात, त्यांना १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच ताण पुरतो आणि नेहमीच्या लांब पान्याने ओढल्यास आटे निघून येतात. येथे ठरवलेलाच ताण देणारा टॉर्क पाना वापरला गेला, ही गोष्ट लहान गॅरेजमध्ये क्वचित दिसते. शेवटी पुलीवर पट्टा सरळ रेषेत बसला आहे ना, हे पट्टीने तपासले.

यानंतरचा टप्पा हवा काढण्याचा. माझ्या मते नवा पंप टिकणार की नाही हे येथेच ठरते. पट्टा चढवण्यापूर्वी टाकी भरून पंपाची पुली हाताने सावकाश फिरवली, म्हणजे आत तेल पोहोचले. मग पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर ठेवली आणि इंजिन बंद असतानाच स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनेकदा हळूहळू फिरवले. प्रत्येक वेळी टाकीत बुडबुडे येत, पातळी खाली जाई आणि पुन्हा तेल घालावे लागे. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू केले गेले आणि तीच क्रिया संथ गतीने परत केली गेली, टोकाला स्टीअरिंग धरून न ठेवता. काही मिनिटे गाडी तशीच उभी ठेवून तेल निवू दिले आणि पुन्हा पाहिले. घाईने इंजिन सुरू करून जोरजोरात स्टीअरिंग फिरवले तर हवेचे मोठे बुडबुडे फुटून लाखो लहान बुडबुडे होतात आणि ते निघायला दिवस लागतात. कित्येक गाड्यांमध्ये नवा पंप बसवूनही आवाज येतो आणि पंप सदोष म्हणून परत पाठवला जातो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

काम झाल्यावर गाडी थंड असताना, गरम असताना, एसी चालू ठेवून, चांदणी चौकातील वळणांवर आणि सिंहगडाच्या घाटात अशी सर्व प्रकारे चालवून पाहिली. बॉनेट उघडल्यावर आता इंजिनाचा आणि पंख्याचाच आवाज येतो. स्टीअरिंगला पूर्वीपेक्षा एकसारखेपणा आला आहे. जागेवर वळवताना मधूनच हाताला जाणवणारी थरथर मला सवयीने जाणवेनाशी झाली होती, ती गेल्यावर लक्षात आली. टाकीतले तेल स्वच्छ पिवळे आहे आणि पातळी स्थिर आहे.

आता उणिवा. गॅरेजमध्ये जागा फार कमी आहे, त्यामुळे आधी वेळ ठरवल्याशिवाय गाडी नेली तर रस्त्याच्या कडेला ताटकळावे लागते. लेखी अंदाजपत्रक मागितल्याशिवाय मिळत नाही. खर्चाचा आकडा काका तोंडी सांगतात आणि तो पाळतात, परंतु अनोळखी ग्राहकाला लेखी कागदाचा आधार हवाच, आणि बिलावर भागांचे क्रमांक लिहिण्याची सवय त्यांनी लावून घ्यावी अशी माझी विनंती आहे. मजुरीवर हमी किती काळाची, हेही बिलावर छापलेले नसते. निदानासाठी गाडी रात्रभर ठेवावी लागते, त्यामुळे ज्यांना त्याच दिवशी गाडी परत हवी असते त्यांची येथे गैरसोय होईल. मजुरी परिसरातील इतर छोट्या गॅरेजांपेक्षा थोडी जास्त आहे, पण दोन्ही फेऱ्यांतला सगळा खर्च मिळूनही तो आधीच्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी भरला, म्हणून मला ती मुळीच खटकली नाही.

हायड्रॉलिक स्टीअरिंगची परंपरा क्रायस्लरने १९५१ साली इम्पीरियल मॉडेलमध्ये ते विक्रीस आणले तेव्हापासूनची आहे, परंतु आता नव्या मोटारींत जवळजवळ सर्वत्र विजेवर चालणारे स्टीअरिंग आले आहे. त्यात तेल नाही, पंप नाही आणि सरळ रस्त्यावर इंजिनावर भारही नाही. त्यामुळे दाबाचे गेज बाळगणारी आणि ते वाचता येणारी माणसे कमी होत चालली आहेत. गॅरेजमधली दोन तरुण मुले हे काम काकांच्या शेजारी उभे राहून शिकताना दिसली, प्रत्येक सांधा उघडण्याआधी काका त्यांना कारण विचारत होते, आणि जुन्या गाड्या वापरणाऱ्या आम्हा लोकांच्या दृष्टीने ही फार दिलासा देणारी बाब आहे.

माझ्या गाडीची परतीची नळी मूळचीच आहे आणि तिच्या टोकाला रबर सैल होऊ लागले आहे. ती पुढच्या सर्व्हिसच्या वेळी बदलायची असे काकांनी वहीत लिहून ठेवले आहे. तुम्ही गाडी नेणार असाल तर ती आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवा, टाकीत पूर्वी कोणते तेल घातले होते याची माहिती असेल तर ती सांगा, आणि पंप उघडल्यास जुने भाग दाखवायला व परत द्यायला सांगा. काका ते आनंदाने देतात.